बारकोडच्या अलीकडचा कपडा

डोंबिवलीतल्या एखाद्या घरी ऑनलाइन मागवलेली जीन्स येते, तेव्हा पिशवीवर चिकटवलेल्या लेबलावरून तिचा प्रवास वाचता येतो. भिवंडीच्या गोदामातून ती किती वाजता निघाली, कुठल्या केंद्रावर उतरली, कुणाच्या हाती पोचवायला दिली, दारात कधी आली, सगळं नोंदलेलं असतं आणि ग्राहकाला मोबाइलवर दिसतही असतं. आता याच जीन्सबद्दल वेगळं काही विचारून बघा. हिचं सूत कुठं रंगवलं? मांडीवरचा फिकटपणा कुणी आणला? त्यासाठी पाणी किती लागलं आणि नंतर ते कुठल्या नाल्यात सोडलं? याची नोंद कुठंच मिळत नाही. गोदामाच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचं अंतर जो उद्योग मिनिटामिनिटाने मोजतो, तोच उद्योग त्याआधीच्या वाटचालीबद्दल जवळजवळ काहीच लिहून ठेवत नाही.

फॅशन उद्योगाच्या डिजिटल रूपांतरात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही तफावत. संगणक आणि मोबाइल या धंद्यात शिरले ते विक्रीच्या टोकाकडून. पाण्याची आणि हवेची नासाडी होते ती मात्र बनवण्याच्या टोकाला. ही दोन टोकं जोडली जात नाहीत तोवर ‘शाश्वत फॅशन’ हे शब्द जाहिरातीपुरतेच राहणार. ती जुळतात कुठं आणि तुटतात कुठं, हे बघायला ठाणे जिल्ह्याइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल. शहाडला लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा बनतो. भिवंडीला यंत्रमागांवर कापड विणलं जातं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडावर प्रक्रिया होते. उल्हासनगरच्या कॅम्पांत जीन्स शिवल्या जातात. पुन्हा भिवंडीलाच ई-कॉमर्सची प्रचंड गोदामं आहेत, आणि खाडीपलीकडे बेलापूरला टाकून दिलेले कपडे वेगळे करण्याचं केंद्र आहे. कपड्याचा जन्म, विक्री आणि शेवट, सगळं एका जिल्ह्यात.

कापडाशी या भागाचं नातं काही आजचं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाची नोंद केली आहे, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या सुती कापडाचा उल्लेख केला. यंत्रयुगात इथे १९२५ साली रेमंडची लोकरी गिरणी उभी राहिली. ती २००९ मध्ये थांबली आणि पोखरण रस्त्यालगतच्या तिच्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. मोहन्याचा एनआरसीचा रेयॉन कारखानाही २००९ मध्येच बंद पडला. शहाडचा सेंच्युरी रेयॉन मात्र चालू आहे. भिवंडीत यंत्रमाग आधीपासून होते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या तसं गिरण्यांचं विणकाम भिवंडीकडे आणखी सरकलं. मोठ्या गिरणीत एका छपराखाली होणारी कामं अशी सुटी होऊन हजारो लहान शेडमध्ये विखुरली. या विखुरण्यामुळेच आज माग काढणं अवघड झालं आहे. गिरणीला एक मालक होता, एक धुराडं होतं, पाणी सोडायला एक गटार होतं. शेडमध्ये सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कापड तिसऱ्याचं, आणि मजुरी मीटरवर.

*

उल्हासनगरची कथा याहून वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण पत्त्यात ‘कॅम्प नंबर’ अजूनही लिहितात. घरादारासकट सगळं गमावलेल्या माणसांनी इथे हाताला येईल तो धंदा उभा केला, आणि त्यातूनच पुढे जीन्सचा बाजार वाढला. अरुंद गल्ल्यांत पोटमाळ्यावर शिलाई मशिनं चालतात, उत्तर प्रदेश-बिहारचे कारीगर नगावर मजुरी घेतात. अहमदाबादसारख्या ठिकाणांहून डेनिमचं थान येतं, कटिंग मास्टर थरावर थर पसरून एका वेळी कितीतरी पॅन्ट्स कापतो, मग शिलाई, आणि शिवलेला लॉट जातो ‘वॉशिंग’ला.

या वॉशिंगमध्ये नेमकं काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण जीन्सचं सगळं रूप तिथेच ठरतं. निळीचा रंग म्हणजे इंडिगो पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगवताना त्यात हायड्रोस हे रसायन घालून त्याचं पिवळट-हिरवं, विरघळणारं रूप करतात. त्यात सूत बुडवून वर काढलं की हवेतला प्राणवायू लागून ते निळं होतं. बुडवा, वर काढा, पुन्हा बुडवा, असे थर चढतात. तरी रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरच्या सालीवरच बसतो. आत पांढरा, बाहेर निळा. म्हणूनच जीन्स घासली की फिकी पडते, आणि लोकांना तिचं हे फिकटपणच आवडतं. नवी जीन्स वर्षभर वापरल्यासारखी दिसावी म्हणून तिला काही तासांत वर्षभराची झीज द्यायची, हे वॉशिंगवाल्याचं काम.

शिवलेली कोरी जीन्स पुठ्ठ्यासारखी कडक असते, कारण मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याच्या धाग्याला स्टार्चची खळ दिलेली असते. पहिल्या धुण्यात विकर घालून ती खळ काढतात. हे पाणी विषारी नसतं, पण स्टार्च सडताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि नाल्यातले जीव गुदमरतात. मग मोठ्या फिरत्या ड्रममध्ये प्यूमिस दगड किंवा सेल्युलेज विकर घालून घासणं. मग ब्लीच. मग ब्लीच मारायला दुसरं रसायन. मांडीवरच्या पांढुरक्या रेषा हवा भरलेल्या रबरी पायावर जीन्स चढवून पॉलिश पेपरने हाताने घासून काढतात, आणि आणखी उजळपणा हवा असेल तर पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतात. कारखान्यात याला नुसतं ‘पीपी’ म्हणतात. फवारलेला भाग आधी जांभळट, मग तपकिरी दिसतो, आणि पुढच्या धुण्यात पांढरा निघतो. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर पीपी मारणाऱ्या पोराच्या फुप्फुसांत काय जात असेल, हा प्रश्न कुठल्याही जाहिरातीत येत नाही. एके काळी हेच काम वाळूचा मारा करून व्हायचं. तुर्कस्तानात त्या कामगारांना सिलिकोसिस होऊन मृत्यू झाले आणि २००९ मध्ये तिथे वाळूच्या माऱ्यावर बंदी आली. शेवटी सॉफ्टनर, ‘हायड्रो’ या यंत्रात पिळणं, ड्रायर.

प्रत्येक टप्प्यानंतर ड्रम रिकामा होतो. एका जीन्सच्या फिनिशिंगला पन्नास ते सत्तर लिटर पाणी लागतं असा या उद्योगात ढोबळ अंदाज धरतात. हे पाणी बोअरवेलमधून किंवा टँकरने येतं. जातं कुठं? अनेक वर्षं ते वालधुनीत जात होतं.

*

वालधुनी ही अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी लहान नदी. शिलाहारांनी १०६० साली बांधलेलं अंबरनाथचं शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी वाहत ती उल्हास खाडीला मिळते. जीन्सच्या हंगामात ती कधी निळी, कधी काळी वाहिल्याचं इथली माणसं सांगतात. दोष एकट्या जीन्सचा नव्हता. घरांचं सांडपाणी होतं, रासायनिक कारखाने होते, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तर कुणीतरी टँकरमधून आणलेलं रसायन नदीत ओतल्यामुळे उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना दवाखान्यात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, नगरपालिका, महापालिका यांनी मिळून ९५ कोटी रुपये भरावेत असा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. उल्हासनगरमधली जीन्स वॉशिंगची युनिटं बंद झाली. त्यानंतर ती अंबरनाथ आणि कल्याण तालुक्यातल्या गावांत पुन्हा उभी राहत असल्याच्या तक्रारी वारंवार आल्या.

यात वॉशिंगवाल्याला एकट्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्याला एका नगामागे जे मिळतं त्यात सांडपाणी प्रक्रियेचा खर्च कुणी धरलेलाच नसतो. ऑर्डर देणारा व्यापारी आठवड्यात माल मागतो, आणि नाही म्हटलं की पुढच्या गल्लीत जातो.

डोंबिवलीतलं प्रदूषण देशभर गाजलं ते रंगामुळे. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवट पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली, पाहणी झाली, नोटिसा निघाल्या. रंग दिसला म्हणून हे घडलं. पण कापड प्रक्रियेतला सगळ्यात चिवट घटक डोळ्यांना दिसतच नाही, तो म्हणजे मीठ. सुती कापड रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून पाण्यात भरपूर मीठ घालावं लागतं. जिवाणूंच्या साह्याने चालणाऱ्या प्रक्रिया केंद्रात स्टार्च जातो, काही रंग जातो, मीठ तसंच राहतं. ते काढायचं तर आरओ लागतो, आणि मागे उरलेलं खारट पाणी आटवायला बाष्पीभवन यंत्र. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने हा धडा फार महागात घेतला. नोय्यल नदी खारावल्यावर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली सगळी डाईंग युनिटं बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली ती पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. तिथे आज पाणी परत वापरलं जातं, मीठसुद्धा. खर्च वाढला, पण धंदा टिकला.

इथे डिजिटल साधनाचा पहिला खरा उपयोग दिसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना सतत मोजणारी यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. पाणी जिथून बाहेर पडतं तिथे सेन्सर. आम्लता किती, प्रवाह किती, प्राणवायूची मागणी किती, हे आकडे सरळ मंडळाच्या सर्व्हरवर. निरीक्षक येणार म्हणून त्या दिवसापुरतं यंत्र चालवण्याची सोय यामुळे कमी झाली. पण केंद्राच्या तोंडाशी बसवलेला सेन्सर आत येणाऱ्या शंभर नळ्यांपैकी कुठल्या नळीतून विष आलं हे सांगत नाही. आणि जो लहान वॉशिंगवाला कुठल्याच केंद्राला जोडलेला नाही, तो या नकाशावर येतच नाही.

मोजलं की काय बदलतं याचं उदाहरण भिवंडीत आहे, फक्त ते पाण्याचं नसून विजेचं आहे. जानेवारी २००७ मध्ये महावितरणने भिवंडीचं वीजवितरण टोरंट कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिलं. देशातला हा पहिला मोठा प्रयोग. त्याआधी शहरात आलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक हिशेबाबाहेर जात होती. मीटर बदलले, वाहिन्या बदलल्या, गळती खूप खाली आली. बिलांवरून भांडणं झाली, आंदोलनं झाली, यंत्रमागवाल्यांचा राग अजून शमलेला नाही. तो राग अगदीच अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही, कारण मागाचा नफा मीटरमागे काही पैशांचा असतो. पण विजेचा हिशेब लागल्यावर जुन्या मोटरी, जुने माग किती वीज खातात हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना सुरू केली तीही भिवंडीतच. साध्या मागांना सुधारणा जोडायला अनुदान, छपरावरच्या सौर विजेला मदत, असं तिचं स्वरूप होतं. विजेसाठी जे झालं ते पाण्यासाठी झालं असतं तर वालधुनीची कथा वेगळी असती असं मला ठामपणे वाटतं.

*

आता त्याच भिवंडीच्या दुसऱ्या चेहऱ्याकडे वळू. नाशिक महामार्गालगत शेतजमिनींवर मैलभर पसरलेली गोदामं दिसतात. ती इथे आली याचं एक कारण मुंबईची जकात. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा जुना हिशेब. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण तोवर रस्ते, मजूर, जागा सगळं भिवंडीत जमलं होतं. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मिंत्रा यांचा माल इथून सुटतो. इथे प्रत्येक नगाला बारकोड असतो आणि प्रत्येक कामगाराच्या हातात स्कॅनर. कुठल्या रॅकवर कुठला टी-शर्ट आहे, तो उचलायला किती सेकंद लागले, हेसुद्धा नोंदलं जातं.

या गोदामांत एक कोपरा परत आलेल्या मालाचा असतो, आणि तो छोटा नसतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तूंत कपडे सर्वाधिक परत येतात. मेशोवर किंवा फ्लिपकार्टवर माल टाकणारा उल्हासनगरचा विक्रेता सकाळी मोबाइल उघडतो तो आधी ‘आरटीओ’ किती हे बघायला. म्हणजे पत्त्यावर माणूस सापडला नाही, किंवा कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारातच नको म्हटलं, म्हणून उलटा निघालेला माल. दुसरा प्रकार ग्राहकाने घालून बघून परत केलेला. परत आलेला नग टेबलावर उघडतात, डाग आहे का, वास येतो का, टॅग तुटला का ते बघतात, इस्त्री करून नव्या पिशवीत घालतात, किंवा भंगारभावाने कुणाला तरी देतात. प्लॅस्टिकची पहिली पिशवी कचऱ्यात, गाडीचं डिझेल दोनदा जळालेलं. मोफत परतीची ही सोय फुकट नसते. तिचा खर्च विक्रेत्यावर, कामगारावर आणि हवेवर पडतो.

परत येण्याचं मुख्य कारण मापात न बसणं. भारतीय शरीराचं स्वतःचं मापकोष्टक आपल्याकडे कधी नव्हतंच. ब्रिटिश, अमेरिकी, युरोपीय मापं उचलून ‘एम’, ‘एल’ छापली जात होती. म्हणून एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एल निघतो. निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ प्रकल्पात मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापं घेण्याचं काम हाती घेतलं. इथे आलेल्या सगळ्या डिजिटल उपक्रमांत पर्यावरणाच्या दृष्टीने मला सर्वांत आशादायक वाटणाऱ्यांपैकी हा एक आहे, कारण न शिवलेला आणि परत न पाठवलेला कपडा पाणीही वाचवतो आणि डिझेलही.

तोवर मापाचा प्रश्न डोंबिवली स्टेशनबाहेरचा फिटिंगवाला सोडवतो. लांबी कमी, कंबर आत, अर्ध्या तासात. तसंच नऊवारीचं. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला निघणाऱ्या स्वागतयात्रेसाठी फडके रोडवर हजारो बायका-मुली नटून येतात. त्यांतल्या अनेकींची शिवलेली नऊवारी भाड्याची असते. वर्षातून एकदा लागणारा कपडा दहाजणींनी वापरावा यासारखा साधा उपाय नाही, आणि व्हॉट्सअॅपमुळे तो आता आणखी सोपा झाला आहे.

*

तंत्रज्ञान बनवण्याच्या टोकाला पोचलं तर काय करू शकतं? जीन्सपुरतं उत्तर तयार आहे. स्पेनमधल्या वलेन्सियाच्या ‘जीनोलोजिया’ कंपनीने लेसर आणि ओझोनची यंत्रं बनवली. लेसरचा किरण संगणकातल्या चित्राप्रमाणे कापडावर फिरतो आणि सालीवरची निळ जाळून टाकतो. पॉलिश पेपर नको, पीपी नको. हवेतल्या प्राणवायूपासून विजेने ओझोन बनतो, तो ब्लीचचं काम करतो आणि पुन्हा प्राणवायू होऊन जातो. लिवाइसने २०१८ मध्ये हा बदल जाहीर केला तेव्हा हाताने तासाला दोन-तीन जीन्स होत, लेसरने दीड मिनिटाला एक होते, असं सांगितलं. हजारो रासायनिक मिश्रणांऐवजी काही डझन पुरतील, असाही कंपनीचा दावा होता.

पण यात दोन गाठी आहेत. एक म्हणजे पॉलिश पेपर घेऊन बसणाऱ्या कारीगराचं काम जातं. त्याची फुप्फुसं वाचतात आणि पगारही जातो, आणि या दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी कुणी घेत नाही. दुसरी म्हणजे किंमत. नगावर चालणाऱ्या लहान वॉशिंगवाल्याला असं यंत्र घेणं शक्य नाही. आठ-दहा जणांनी मिळून एक सामायिक केंद्र उभारलं, त्याला लेसर, ओझोन आणि पाणी शुद्ध करून परत वापरण्याची यंत्रणा जोडली, तरच हे जमेल. लघुउद्योगांच्या समूह विकास योजनांत अशा केंद्रांना सरकारी मदतीची तरतूद आहे. ‘युनिटं बंद करा’ हा आदेश आणि ‘सामायिक केंद्र उभारा’ ही योजना यांची भेट झाली असती तर युनिटं गावोगाव पळाली नसती.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. ‘फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग आहे’ हे वाक्य सर्रास छापलं जातं. त्याला धड आधार कुणालाच सापडलेला नाही. त्यापेक्षा लिवाइसने २०१५ मध्ये दिलेला हिशेब उपयोगाचा आहे. त्यांच्या ५०१ जीन्सच्या एका नगाला जन्मापासून शेवटापर्यंत ३,७८१ लिटर पाणी लागतं. त्यातलं ६८ टक्के कापूस पिकवायला आणि २३ टक्के आपण घरी धुतो त्यात. म्हणजे उल्हासनगरच्या ड्रमचा वाटा लिटरमध्ये लहानच. पण शेतातलं पाणी बहुतांश पिकातून हवेत जातं, ड्रममधलं पाणी पीपी आणि ब्लीच घेऊन वस्तीच्या मधून वाहतं. दोन्ही लिटर सारखे मोजले तर वालधुनी दिसेनाशी होते. हेच आकडे दुसरीकडे आपल्यालाही काही सांगतात: जीन्स प्रत्येक वापरानंतर धुवायची गरज नसते.

बदल घडवणारा रेटा बहुधा बाहेरून येईल. याला दाखला आहे. नव्वदच्या दशकात जर्मनीने कर्करोगकारक घटक सोडणाऱ्या अॅझो रंगांवर बंदी घातली. निर्यात अडली, आणि १९९७ मध्ये भारत सरकारनेही अशा रंगांवर बंदी आणली. युरोपातल्या एका कायद्याने ठाणे जिल्ह्यातल्या रंगाच्या कारखान्यांचं उत्पादन बदललं. आता युरोपातच १८ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार येत्या काही वर्षांत कपड्यांना डिजिटल पासपोर्ट लागेल: क्यूआर कोड स्कॅन केला की धागा कुठला, घटक किती, रसायनं कुठली, हे कळावं. न खपलेले कपडे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून मनाई आहे. युरोपला निर्यात करणारा मोठा कारखाना हे करेल. शहाडचा सेंच्युरी रेयॉन २०१८ पासून चालवणाऱ्या ग्रासिमने आपल्या व्हिस्कोसचा, म्हणजे रेयॉनच्याच एका प्रकाराचा, माग ब्लॉकचेनवर ठेवण्याची व्यवस्था आधीच केली आहे. पण उल्हासनगरची बहुतेक जीन्स युरोपला जात नाही. ती इंदूर, पाटणा, कल्याणच्या बाजारात आणि मेशोवर विकली जाते. तिच्या पासपोर्टची मागणी इथल्या ग्राहकाने किंवा इथल्या सरकारने करायची आहे. महाराष्ट्राच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच ‘शाश्वत’ आहे. त्यात वॉशिंगवाल्यासाठी पाण्याच्या मीटरपासून सुरुवात झाली तरी ते नाव सार्थ होईल.

*

कपड्याचा शेवट आपल्याकडे फार काळ बोहारणीच्या हाती होता. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, आणि दारात बसून चाललेली घासाघीस: दोन साड्या, एक पॅन्ट, वर एखादा शर्ट, तेव्हा कुठे पातेलं. ती कापड चिमटीत धरून सुती की मिश्र ते ओळखायची, शिवण ताणून जीव किती उरला ते सांगायची. चांगले कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात जात, फाटके यंत्रं पुसायच्या चिंध्या होऊन गॅरेजमध्ये आणि एमआयडीसीत. लोकरी माल पानिपतला जाऊन पुन्हा धागा होई. पुनर्वापराची ही अख्खी साखळी वाघरी समाजाच्या बायकांनी उभी केली आणि चालवली. गृहसंकुलांच्या फाटकावर आता त्यांना वॉचमन अडवतो, आणि कपडे ओल्या कचऱ्यासोबत डम्पिंगला जातात.

नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला जुन्या कापडासाठी जे केंद्र उभारलं ते म्हणूनच महत्त्वाचं. सोसायट्यांतून गोळा केलेले कपडे तिथे बचतगटांच्या बायका वेगळे करतात. हातात धरायचा स्कॅनर कापडावर टेकवला की परत आलेल्या प्रकाशावरून ते सुती आहे, पॉलिएस्टर आहे की मिश्र, हे लगेच कळतं. हे कळणं गरजेचं असतं, कारण निव्वळ सुताचा पुन्हा धागा होऊ शकतो आणि मिश्र कापडाचा सहजी होत नाही. ताणली जाणारी जीन्स इथेच अडते: दोन टक्के लायक्रा असला तरी सुताची यंत्रं कुरकुरतात. शिवाय चेन, बटणं, रिव्हेट कापून काढावी लागतात. काळ्या, दाट रंगाच्या कापडावर अशा प्रकाशाच्या स्कॅनरची वाचनशक्तीही कमी पडते.

स्कॅनर जे शोधून काढतो ते कपडा बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आतल्या शिवणीवरच्या छोट्या लेबलावर ते छापलेलंही होतं, पण मानेला टोचतं म्हणून आपण ते कात्रीने कापून टाकलं. पासपोर्टचा कोड कपड्यात कायमचा विणला किंवा छापला गेला तर बेलापूरच्या टेबलावर लायक्राचं प्रमाण आणि रंगाचा प्रकार दोन्ही सेकंदात कळतील. तो कोड शंभर धुण्यांत, इस्त्रीत आणि उन्हात टिकावा कसा, यावर अजून काम चालू आहे.